न आलेल्या पेशंटचं औषध

ज्याला तपासलं नाही त्याला औषध द्यायचं नाही, हे एमबीबीएसच्या वर्षांपासून माझ्या अंगात मुरलेलं. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना सुरू केल्यावरही मी ते कसोशीने पाळलं. पोट दाबून पाहायचं, आधी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का ते विचारायचं, मगच पेन उचलायचं. नियम चांगलाच आहे. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर नुसतं दुखणं सांगून अँटिबायोटिक नेणारे काही कमी नाहीत. डॉक्टरांनी त्यात भर घालू नये असं माझं ठाम मत होतं आणि बहुतेक आजारांच्या बाबतीत आजही आहे.

एका बाबतीत मात्र माझं मत पार बदललं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला शरीरसंबंधातून जिवाणूंचा संसर्ग झालेला असेल आणि तिचा जोडीदार दवाखान्याची पायरी चढणार नाही हे दिसत असेल, तर त्याचं औषध तिच्याच हाती द्यावं, असं मी आता मानते. मग तो जोडीदार नवरा असो की मित्र. आमच्या व्यवसायातल्या अनेकांना हे पटत नाही. त्यांचे आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण ते सगळे एके काळी माझेच होते.

आधी आजाराविषयी सांगते. परमा आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. पुरुषाला लागण झाली की बहुधा काही दिवसांतच लघवीला आग होते, पू येतो, आणि तो गुपचूप का होईना, औषध शोधायला निघतो. क्लॅमिडिया हे नाव मात्र गावात कोणी ऐकलेलं नसतं, आणि जगात तोच जास्त पसरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटात परम्याचे सुमारे ८ कोटी २० लाख नवे संसर्ग झाले, तर क्लॅमिडियाचे १२ कोटी ९० लाख. त्याचं कारण सरळ आहे. क्लॅमिडिया झालेल्या दहांपैकी सात-आठ बायकांना काहीही त्रास होत नाही, आणि पुरुषांतही निम्म्या जणांना पत्ता लागत नाही. उपचार न झाल्यास हे जंतू कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ, शरीरात मुक्काम ठोकून राहतात.

कोवळ्या वयाच्या मुलींना त्याचा धोका जास्त, आणि याचं कारण त्यांच्या शरीरातच आहे. त्या वयात गर्भाशयाच्या तोंडाचं आतलं नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला पसरलेलं असतं. क्लॅमिडियाचे जंतू नेमके त्याच पेशींमध्ये शिरतात. वय वाढतं तसं ते अस्तर आत सरकतं आणि बाहेर जाड, चिवट पेशींचा थर येतो. म्हणजे एकाच प्रकारच्या संबंधातून तिशीतल्या बाईपेक्षा अठरा वर्षांच्या मुलीला लागण होण्याची शक्यता अधिक. अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या नव्या लैंगिक संसर्गांपैकी जवळजवळ निम्मे १५ ते २४ या वयातल्या मुलामुलींना झाले होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

उपचार झाला नाही तर जंतू वर चढतात, गर्भाशयातून गर्भनलिकांपर्यंत जातात आणि तिथे सूज येते. स्वीडनमधल्या लुंड शहरात वेस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी अशा बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९९२ मध्ये छापून आलेले त्यांचे आकडे मी विसरू शकत नाही. सूज एकदा आली तर सुमारे ८ टक्के बायकांच्या नळ्यांचं कायमचं नुकसान होऊन मूल राहत नव्हतं. दोनदा आली तर जवळपास २० टक्के. तीन किंवा अधिक वेळा आली तर ४० टक्के. पहिल्या खेपेपेक्षा दुसरी, दुसरीपेक्षा तिसरी घातक. म्हणजे मुलीला एकदा बरं करणं हे अर्धंच काम. तिला पुन्हा लागण होऊ न देणं हे उरलेलं अर्धं, आणि ते ज्याच्या हातात असतं तो माझ्या दवाखान्यात येतच नाही.

तो का येत नाही? मी फार वर्षं याचं उत्तर बेजबाबदारपणा असं देत आले. आता नीट पाहते तेव्हा दुसरंच दिसतं. त्याला काही होतच नसतं. तो चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत शिफ्टला असतो, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. माझ्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर सगळ्या पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. तिथे विशी-बाविशीचा मुलगा एकटा येऊन काय सांगणार? कंपाउंडर त्याच्याच आळीतला. कॉलेजातल्या मुलीचा मित्र तर एसटी स्टँडवरच थांबतो. जिल्हा रुग्णालयात लैंगिक आजारांसाठीचं सुरक्षा क्लिनिक आहे, तिथली सेवा चांगली आणि मोफत आहे, पण त्यासाठी खाडा करून जावं लागतं, आणि स्वतः ठणठणीत असताना रोजगार बुडवून कोण जातं? आपल्याकडे तर त्रास होत असलेलेही येत नाहीत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणाऱ्या बायका जिथे पोहोचत नव्हत्या, तिथे न दुखणाऱ्या पुरुषांनी पोहोचावं अशी अपेक्षा मी धरून बसले होते.

एका मुलीचे केसपेपर माझ्याकडे आहेत. लग्नानंतर काही महिन्यांनी सासूबरोबर आली. "अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय, बाई," हे सासूनेच सांगितलं, मुलगी खाली मान घालून बसलेली. तपासताना गर्भाशयाचं तोंड जरा हलवलं आणि ती कळवळली. नळ्यांना सूज होती. सेफिक्झिम, मेट्रोनिडॅझोल आणि डॉक्सिसायक्लिन असा पूर्ण कोर्स दिला आणि पेपरच्या तळाशी लिहिलं, 'पतीस घेऊन येणे.' खाली रेघ मारली. ती बरी झाली. पुढे तेच दुखणं घेऊन परत आली, मी तोच कोर्स दिला आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं. त्यानंतर ती आली ती थेट मूल राहत नाही म्हणून. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा दोन्ही नळ्यांची टोकं बंद होऊन फुगलेली होती, आणि यकृत व पोटाची भिंत यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्यांसारखे पांढरे धागे होते. आपल्याकडे असं काही दिसलं की पहिली शंका क्षयरोगाची घ्यायची असते. तीही तपासणी केली, त्यात काही आढळलं नाही. तिच्या नळ्या नेमक्या कशाने बंद झाल्या हे इतक्या उशिरा कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण चित्र पुस्तकातल्या क्लॅमिडियाचं होतं.

तिचा नवरा माझ्यासमोर पहिल्यांदा बसला तो त्या वेळी. कष्टाळू, सरळ मुलगा, बायकोची मनापासून काळजी असलेला. म्हणाला, "मॅडम, मला कधी काही झालंच नाही, मग मी येऊन काय सांगणार होतो?" त्याचं म्हणणं खरंच होतं. आणि मूल होत नाही याचा दोष तोवर घरात सगळ्यांनी तिच्याच पदरात टाकलेला होता.

एका केसवरून मत बदलू नये, हेही आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणून मी वाचायला लागले. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहर ज्या भागात येतं त्या किंग काउंटीत मॅथ्यू गोल्डन आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर अभ्यास केला होता, तो २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. परमा किंवा क्लॅमिडिया झालेल्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखं सांगितलं, जोडीदाराला उपचाराला पाठवा. दुसऱ्या गटाला जोडीदाराचं औषध देऊ केलं, तो न तपासताच. पुढच्या तपासणीत पहिल्या गटातल्या १३ टक्के लोकांमध्ये संसर्ग तसाच राहिलेला किंवा पुन्हा झालेला होता, दुसऱ्या गटात १० टक्के. नुसत्या परम्याचा हिशेब केला तर ११ टक्क्यांवरून ३. क्लॅमिडियात फरक लहान होता, हे मी मुद्दाम सांगते. ही काही जादूची कांडी नाही. तरी २००६ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने ही पद्धत मान्य केली आणि आज बहुतेक राज्यांत तिला कायद्याने वाट मोकळी आहे.

माझ्यासाठी त्या अभ्यासातली मोठी गोष्ट आकड्यांपेक्षा वेगळी होती. तिथे पहिल्या गटाला पाठपुरावा करणाऱ्यांची मदत मिळू शकत होती. माझ्या गावात 'जोडीदाराला पाठव' म्हणणं म्हणजे जवळपास कोणीच न येणं. मग मुलीला पुन्हा पुन्हा औषध देणं हे गळकं छप्पर तसंच ठेवून जमीन पुसत बसण्यासारखं होतं.

आपल्या सरकारी व्यवस्थेलाही जोडीदाराचा उपचार परका नाही. नाको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या रंगीत किटांमध्ये करड्या रंगाच्या किटात अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असतं, एकाच वेळी घ्यायचं. पू जाणाऱ्या पेशंटला ते देतात आणि काहीही त्रास नसलेल्या जोडीदारालाही देतात. प्रश्न एवढाच उरतो, की तो येत नसेल तर त्याच्यापर्यंत ते न्यायचं कुणी.

आक्षेपांपैकी मला सगळ्यांत जड वाटतो तो निदानाचा. आमच्याकडे लघवीच्या किंवा स्रावाच्या नमुन्यावर जंतूंच्या जनुकांची तपासणी सहज होत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची तर ती महाग पडते. बहुतेक वेळा लक्षणांवरून उपचार करावा लागतो. आणि अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा लैंगिक संसर्गामुळे नसतंच. योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा समतोल बिघडला किंवा बुरशी वाढली तरी तेच होतं. अशा प्रत्येक मुलीच्या हाती नवऱ्यासाठी गोळ्या दिल्या, तर मी घराघरांत विनाकारण संशय पेरीन. म्हणून नुसत्या पांढऱ्या जाण्यावर मी जोडीदाराचं औषध देत नाही. गर्भाशयाच्या तोंडातून पू येताना दिसला, नळ्यांची सूज असली, किंवा तपासणीचा रिपोर्ट हातात असला तरच.

दुसरा आक्षेप, अ‍ॅलर्जीचा. अमेरिकेत इतकी वर्षं ही पद्धत चालू असून तिथल्या डॉक्टरांना गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचितच दिसतात. तरी मी औषधाबरोबर एक कागद देते. त्यावर लिहिलेलं असतं: 'हे औषध तुमच्यासाठी आहे. तुम्हाला त्रास होत नसला तरी घ्यायचं आहे. आधी कुठल्याही अँटिबायोटिकने अंगावर पुरळ आलं असेल, श्वास लागला असेल, किंवा हृदयाचा आजार असेल तर घेऊ नका, मला फोन करा. अंडकोष दुखत असेल, ताप असेल, जखम असेल तर हे औषध पुरणार नाही, तपासून घ्या. औषध घेतल्यावर सात दिवस दोघांनी संबंध ठेवायचे नाहीत. हा संसर्ग किती जुना आहे आणि कोणाकडून कोणाला झाला हे कुठल्याही तपासणीत कळत नाही.' शेवटचं वाक्य मी सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिते. ते वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे आणि कित्येक घरांत त्याचीच गरज जास्त असते.

मर्यादाही आहेत. गरमी म्हणजे सिफिलिस असेल तर ही पद्धत चालत नाही, तिला पेनिसिलिनचं इंजेक्शनच लागतं. परम्याचे जंतू एकेका औषधाला दाद देईनासे झाले आहेत. पेनिसिलिन गेलं, सिप्रोफ्लॉक्सासिन गेलं, आता पाश्चात्त्य देशांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनला पहिली पसंती आहे. म्हणजे गोळ्यांचा मार्ग दुसऱ्या क्रमांकाचा. क्लॅमिडियासाठीही २०२१ पासून सीडीसी एका डोसच्या अ‍ॅझिथ्रोमायसिनऐवजी सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनला प्राधान्य देते. चौदा कॅप्सूल, तेही स्वतःला काही होत नसताना, बावीस वर्षांचा मुलगा नेमाने घेईल का, ही माझी आजची काळजी आहे. मी मुलीला विचारते, "तो घेईल का गं?" कित्येकदा ती हसून म्हणते, "मी समोर बसून घ्यायला लावीन."

आणि एक प्रश्न मी त्याआधी विचारते, बरोबरच्या बाईला बाहेर बसवून. "हे त्याच्या हातात दिलंस तर तुला काही करेल का तो?" एका मुलीने यावर कितीतरी वेळ काहीच उत्तर दिलं नाही, बांगड्या वरखाली करत राहिली. तिला मी औषध दिलं नाही. म्हणजे तिचं तिला दिलं, त्याचं नाही. संसर्ग पुन्हा होईल हे मला ठाऊक होतं, पण मार खाण्यापेक्षा तो परवडला. अशा मुलीच्या बाबतीत तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी एवढाच मार्ग उरतो, आणि तिला मदत कुठे मिळेल ते सांगणं. खरं तर तीन महिन्यांनी प्रत्येकीलाच बोलवायला हवं, जोडीदाराने औषध घेतलं असलं तरी.

आता अठराच्या आतल्या मुली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरवला, आणि ते योग्यच झालं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळली की पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. जबरदस्ती असेल, मोठ्या वयाचा माणूस असेल, तर मी क्षणभरही थांबत नाही आणि कोणी थांबू नये. पण सतरा वर्षांच्या दोघांनी एकमेकांच्या मर्जीने पाऊल टाकलं असेल, तर त्या मुलीला पोलीस दिसले की ती दवाखाना सोडून भोंदूकडे जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलींना मोठा दिलासा दिला. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. संसर्गाच्या उपचाराला आलेल्या मुलीलाही तितकंच स्पष्ट संरक्षण हवं. गर्भ राहिला तर झाकली मूठ आणि नळी सुजली तर नाव उघड, याला काही अर्थ नाही.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, आपल्या राज्यात त्याची 'मैत्री' केंद्रं आहेत. तिथे येणाऱ्या १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी जोडीदाराच्या औषधाची सोय लिखित स्वरूपात व्हावी, डॉक्टरला त्यासाठी मनात धास्ती ठेवावी लागू नये, ही माझी आरोग्य खात्याकडे मागणी आहे. याच राज्यात २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं होतं. ते न मिळालेली मुलं आता तिशीत आली, आणि त्यांतल्या काहींच्या बायका आज वंध्यत्वाच्या तपासण्यांसाठी माझ्याकडे येतात. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून १९२७ पासून हे विषय मराठीत मांडत होते. आपल्याला भाषा नव्हती असं कोणी म्हणू नये.

माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांना एवढंच सांगते: जोडीदार येईल म्हणून वाट पाहू नका. निदान पक्कं करा, मुलीला एकटीला विचारा, कागद लिहा आणि औषध द्या.

आणि ज्या मुलाच्या हातात त्याची बायको किंवा मैत्रीण असा कागद आणि गोळ्या ठेवील, त्यालाही सांगते. तिच्यावर चिडू नकोस, कुणाकडून आलं हे विचारू नकोस. औषध पूर्ण घे, सात दिवस दोघंही थांबा. आणि सवड काढून जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जाऊन रक्ताची तपासणी करून घे, गरमी आणि एचआयव्ही दोन्हींची. तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे, आणि तुझं नाव बाहेर जात नाही.